टीव्ही उघडण्याआधी टॉर्च मारा

इंदूरला साध्या ब्रँडचा ३२ इंची टीव्ही आज साधारण आठ-नऊ हजारांत नवा मिळतो. त्यामुळे घरातला बिघडला की पहिला विचार हाच येतो, की याच्यात कशाला पैसे घालायचे, नवाच आणू. कधी हे बरोबर असतं. कधी मात्र हजार-बाराशेच्या कामासाठी चांगला टीव्ही कबाडीवाल्याच्या ठेल्यावर चढतो.

सगळं अडतं ते पॅनलवर, म्हणजे समोरच्या काचेवर. टीव्हीच्या किमतीतला सगळ्यात मोठा वाटा तिचा. ती शाबूत असेल तर बाकीचं बहुतेक सगळं स्वस्तात बदलता येतं. ती गेली असेल तर ३२ इंचीत पुढे बोलायचं कारण नाही. मेकॅनिककडे नेण्याआधी एवढं घरी बघून घ्या, कारण दुकानात टीव्ही नुसता वरून बघून ‘पैनल गया, साब’ असं सांगणारेही भेटतात.

आवाज येतोय पण पडदा काळा, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा, मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरा आणि रिमोटवरून मेनू उघडा. अंधुक अक्षरं हलताना दिसली तर पॅनल आणि बोर्ड (आतलं सर्किट) दोन्ही बहुधा ठीक आहेत, फक्त बॅकलाइट, म्हणजे पॅनलमागच्या एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, गेली आहे. चालू करताना एक सेकंद चित्र चमकून विझत असेल तरी बहुधा तेच. चित्र हळूहळू निळं-जांभळं पडत आलं असेल तर एलईडीवरचा फॉस्फर, म्हणजे उजेड पांढरा करणारा थर, उतरला आहे; पट्ट्या अजून जळल्या नसल्या तरी दिवस भरलेत.

स्वस्त टीव्हीत बॅकलाइट लवकर जाते त्याचं कारण साधं आहे. कमी एलईडी बसवायचे आणि त्यांना भरपूर करंट देऊन उजेड पाडायचा. ३२ इंचीत बहुतेक दोन किंवा तीन पट्ट्या असतात आणि सगळे एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले. एक जळून तुटला की सगळी माळ बंद.

इथे एकच जळका एलईडी बदलून चारशे रुपयांत काम करून देणारे असतात. ते घेऊ नका. बाकीचे एलईडी तितकेच म्हातारे आहेत, दोन-चार महिन्यांत दुसरा जाणार, आणि पुन्हा पॅनल उतरवावं लागणार. पूर्ण सेट बदला. पट्ट्या साधारण ३०० ते ६०० रुपये, मजुरी धरून हजार ते दीड हजार. नवीन पट्टी घेताना लांबी, एलईडीची संख्या आणि व्होल्टेज जुन्याशी जुळलं पाहिजे. ३ व्होल्टचे १८ एलईडी मिळून ५४ व्होल्ट मागतात. त्या जागी ६ व्होल्टचे बसवले तर १०८ लागतात, पट्ट्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर तिथवर पोचत नाही आणि टीव्ही पुन्हा विझतो. मेकॅनिक मग बोर्डला दोष देतो.

पट्ट्या बदलतानाच मेकॅनिककडून एलईडीचा करंट कमी करून घ्या. ड्रायव्हरच्या आयसीजवळ (चिपजवळ) सेन्सचे, म्हणजे करंट किती ते ठरवणारे, तीन-चार छोटे रेझिस्टर समांतर जोडलेले असतात. चार सारखे असतील आणि त्यातला एक काढला तर करंट पाऊण होतो. उजेडात फरक फारसा जाणवत नाही, एलईडी मात्र बरेच गार राहतात. हे जमत नसेल तर मेनूत ‘बॅकलाइट’ १०० वरून ६० वर आणा. लक्षात ठेवा, ‘ब्राइटनेस’ वेगळं. बऱ्याच स्वस्त टीव्हींत त्याने फक्त चित्राचा काळेपणा बदलतो, एलईडीला काही फरक पडत नाही.

पडद्यावर टिकल्यांसारखे पांढरे गोल दिसत असतील तर एलईडीवरची भिंगं गळून पडलीत. ती चिकटवता येतात, पण फेविक्विकसारख्या गोंदाने नको, त्याच्या वाफेने भिंग धुरकट होतं. इपॉक्सी वापरा.

या कामातला खरा धोका एकच: पॅनल उचलताना. काच पातळ असते आणि तिला सर्किटशी जोडणाऱ्या, कडेला चिकटलेल्या फिल्मच्या पट्ट्या जराशा ओढल्या तरी फाटतात. काम देण्याआधी स्पष्ट विचारा, उघडताना पॅनल फुटलं तर कोणाचं? जो हे टाळतो त्याच्याकडे टीव्ही ठेवू नका.

उभ्या रेघा, अर्धा पडदा पांढरा, चित्र दुहेरी दिसणं, हे पॅनलचं किंवा टी-कॉनचं (पॅनलला चित्राचे सिग्नल देणाऱ्या सर्किटचं) दुखणं. कडेच्या फ्रेमवर हलकं दाबल्यावर रेघ येते-जाते असं झालं तर फिल्मचा जोड सुटलाय. तो जोडायचं मशीन काही ठिकाणी असतं, पण ३२ इंचीसाठी तो खर्च आणि नंतरचा बेभरवसा परवडत नाही. तडा गेलेल्या पॅनलबद्दल बोलायलाच नको.

लाल दिवासुद्धा लागत नसेल तर घाबरू नका, ही बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त दुरुस्ती ठरते. लाइट जाऊन झटक्याने परत आली, किंवा खांबावर न्यूट्रल सुटला, की घरात २३० ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा एमओव्ही, म्हणजे जादा व्होल्टेजचा झटका झेलणारा छोटा भाग, स्वतः जळून फ्यूज उडवतो, म्हणजे त्याचं कामच करतो. फ्यूज आणि एमओव्ही मिळून पन्नास रुपयांच्या आतले. पण फ्यूजची काच आतून काळी पडली असेल तर बहुधा मॉसफेट (पॉवर सप्लायमधला स्विचसारखा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे. नुसता फ्यूज टाकला तर तोही क्षणात उडेल. मेकॅनिकने पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडूनच टीव्ही चालू केला पाहिजे. स्वतः हे करू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

फुगलेले १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, अडकलेला लोगो, ही कामं तीन-पाचशेत होतात. लोगोवर अडकलेल्या टीव्हीचं सॉफ्टवेअर आधी पेन ड्राइव्हवरून टाकून बघायचं, बोर्ड बदलायचा तो नंतर.

पावसाळ्यात वीज कडाडल्यावर डिशच्या तारेतून झटका येऊन सेट-टॉप बॉक्समार्फत एचडीएमआय पोर्ट जातो. कधी पोर्टवरच निभावतं, कधी पूर्ण बोर्ड. ३२ इंचीसाठी साधा युनिव्हर्सल बोर्ड हजार ते दीड हजारात मिळतो. तो बसवताना पॅनलचं व्होल्टेज जंपरने (बोर्डावरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) ठरवायचं असतं, आणि ५ व्होल्टच्या पॅनलला १२ दिले तर तेही गेलं. स्मार्ट बोर्डाच्या मागे मात्र लागू नका. अडीच-तीन हजार घालून तोच १ जीबी रॅमचा रखडत चालणारा टीव्ही परत मिळतो. साधा बोर्ड बसवा, लागली तर स्ट्रीमिंग स्टिक लावा. पुढे टीव्ही बदलला तरी ती कामाला येते.

हिशेब मी असा लावतो: ३२ इंचीत एकूण खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की थांबायचं. दुरुस्तीची गॅरंटी एक ते तीन महिने, नव्याची वॉरंटी वर्षभर, हा फरकही पैशातच मोजायचा. २४ इंचीत ही मर्यादा इतकी खाली येते की फ्यूज-कपॅसिटरपलीकडे काही करूच नये. ४३ इंचीत उलट. पट्ट्यांना दोन-अडीच हजार लागले तरी करावं. मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा तुलना जुन्या बिलाशी नको, आजच्या भावाशी करा.

टीव्ही टाकायचाच ठरला तर आधी मेकॅनिकला विचारा. पॅनल चांगलं आणि बोर्ड मेलेला असा टीव्ही तो कबाड्यापेक्षा जास्त भावाने घेतो. पॅनल फुटलं असेल तर बोर्ड चालू असल्याचं सांगून विका, त्यालाही गिऱ्हाईक असतं.