रोकड कशाला? केनियात एम-पेसा आहे

केनियाला निघालेल्या माणसाला हमखास सल्ला मिळतो: भरपूर रोकड जवळ ठेव, आफ्रिकेत मोबाइलवरून पैसे कुठले चालायला! पण मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याचं एम-पेसा केनियात मार्च २००७ मध्येच सुरू झालं. आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. ‘पेसा’ हा स्वाहिली शब्दही आपल्या ‘पैशा’चाच भाऊबंद.

याला ना बँक खातं लागतं, ना इंटरनेट, ना स्मार्टफोन. बटणांचा साधा फोन, सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीचं सिमकार्ड आणि ओळखपत्र एवढ्यावर भागतं. गल्लीतल्या एजंटला रोख द्यायची, तो आपल्या खात्यातून तेवढी रक्कम तुमच्या नंबरावर टाकतो. एसएमएस आल्याशिवाय त्याच्या दारातून हलायचं नाही. पैसे पाठवताना सिमच्या मेनूत किंवा *३३४# लावून समोरच्याचा नंबर, रक्कम आणि पिन टाकायचा. रोख भरायला फी नाही. काढायला रकमेनुसार लागते, आणि यूपीआयची सवय असलेल्याला ती चांगलीच खुपते.

दुकानात पैसे द्यायला दुकानाचा ‘टिल’ नंबर असतो, बिलांसाठी ‘पेबिल’ नंबर. पेबिलमध्ये खाते क्रमांकही विचारतात, विजेसाठी मीटरचा नंबर. तो चुकला की दुसऱ्याच्या घरी उजेड! व्यक्तीला पैसे पाठवताना पडद्यावर नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तरी चुकलंच, तर व्यवहाराचा एसएमएस लगेच ४५६ या नंबरावर पुढे पाठवायचा. समोरच्याने तोवर पैसे काढून घेतले असतील, तर परत मिळणं अवघड. ‘चुकून तुम्हाला पाठवले, परत करा’ असा फोन आला तर आधी शिल्लक तपासा. खरा संदेश एम-पेसाच्या नावाने येतो, कुणाच्या खासगी नंबरावरून नाही.

खरी गंमत एजंटच्या गल्ल्यात आहे. त्याला दोन साठे सांभाळावे लागतात: रोख आणि ‘फ्लोट’, म्हणजे फोनमधली एम-पेसाची शिल्लक. नोकरदार शहरातून गावी पैसे पाठवतात. त्यामुळे शहरातल्या एजंटकडे सगळे रोख भरायला येतात आणि त्याचा फ्लोट आटतो. गावातल्याकडे सगळे काढायला येतात आणि त्याची रोकड संपते. मग एकाला बँकेत रोख भरून फ्लोट घ्यावा लागतो, दुसऱ्याला फ्लोट मोडून नोटा आणाव्या लागतात. गावात मोठी रक्कम काढायची असेल तर सकाळीच विचारून ठेवलेलं बरं.

आता याच्या उलट टोकाला जाऊन ‘आफ्रिका मोबाइल बँकिंगमध्ये पुढे’ असंही सरसकट म्हणू नये. ५४ देशांचा खंड आहे तो. हेच एम-पेसा दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये सुरू झालं आणि २०१६ मध्ये गुंडाळावं लागलं, कारण तिथे बहुतेकांकडे आधीच बँक खातं आणि एटीएम कार्ड होतं. व्होडाफोनने ते भारतातही २०१३ मध्ये आणलं होतं. २०१९ मध्ये बंद झालं. पुष्कळांना आठवतही नसेल.