खड्डा तोच, जमीन वेगळी

"एवढ्या लांब जाऊन शेवटी तोच चेंडू आणि तोच खड्डा ना?" गोल्फची बॅग घेऊन निघाले की हा प्रश्न ठरलेला. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

खड्डा तोच, हे खरं. ४.२५ इंच व्यासाचा, जगात कुठेही गेलात तरी. पण क्रिकेटची खेळपट्टी जशी २२ यार्डांचीच लागते, तसं गोल्फच्या मैदानाचं नाही. ते किती लांब, कुठे वाकडं, कुठे चढाचं, हे तिथली जमीन ठरवते. आणि आपल्या देशात रात्रभर रेल्वेने गेलं की जमीन बदललेली असते.

कोलकात्याचा रॉयल कॅलकटा क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. बंगालची जमीन सपाट, म्हणून तिथे कस लावतात ती तळी. दिल्ली गोल्फ क्लबात जुन्या कबरी आहेत, मोर आहेत आणि दोन्ही अंगांना काटेरी झुडपांची दाटी. चेंडू आत शिरला की गेलाच. लांब मारायची हौस तिथे सोडावी लागते, सरळ मारायला शिकावं लागतं. गुलमर्गचं मैदान २,६०० मीटरच्या आसपास उंचीवर. हवा विरळ, त्यामुळे नेहमीच्याच फटक्याने चेंडू पुढे निघून जातो. पहिल्या दिवशी माझा एकही अंदाज बरोबर आला नाही.

माझा जीव मात्र ब्राउनवर. खड्ड्याभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. पाण्याची टंचाई असते तिथे ते राखणार कसं? मग वाळूत तेल कालवून, ती दाबून सपाट करतात. तो ब्राउन. तेलामुळे वाळू उडत नाही आणि चेंडू नीट घरंगळतो. खेळून झालं की आपल्या पावलांचे ठसे आपणच पुसायचे, मागून येणाऱ्यासाठी. कोरड्या मुलखात टँकरने पाणी आणून हिरवळ जगवण्यापेक्षा मला हे कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

गवताचंही सांगायलाच हवं. बर्म्युडा म्हणून मैदानांवर जे लावतात, ती आपली हरळी किंवा तिचे संकर. गणपतीला वाहतो त्याच दूर्वा! शेतकरी जिला खणून खणून थकतो, ती इथे हवीहवीशी, कारण कितीही तुडवा, कापा, ती आडवी पसरतच राहते. उत्तरेच्या थंडीत ती पिवळी पडून निजते.

श्रीमंतांचा खेळ, असंही तुम्ही म्हणालात. पैसा लागतो, ते मी नाकारणार नाही. पण मैदान खरं ओळखतात ती तिथे राबणारी माणसं. अली शेर दिल्लीत कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणारे, होते; १९९१ साली त्यांनी इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली. एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कॅलकटाच्या गवताची निगा राखत. मुलाने तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा जिंकली.

म्हणून नव्या मैदानावर गेले की मी आधी कॅडीदादांना विचारते, पावसाचं पाणी इथून कुठे धावतं? ते हाताने दाखवतात. ग्रीनवर चेंडूही बहुतेक वेळा तिकडेच वळतो.