इलयराजाची कॅसेट: सगळं ट्रान्सफर परत पहिल्यापासून

मागच्या वेळी मोठ्या खुशीत लिहिलं होतं की ‘हाऊ टू नेम इट’ ही इलयराजाच्या वाद्यसंगीताची कॅसेट कॉम्प्युटरवर पूर्ण उतरवून झाली, ते रद्द समजा.

झालं असं की शनिवारी भाचा नांदेडला आलता. तो व्हायोलिन शिकतोय, सध्या जर्मन संगीतकार बाखच्या तिसऱ्या पार्टिटाचा (व्हायोलिनसाठीची तुकड्या-तुकड्यांची रचना) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, चालू आहे. म्हणलं हे ऐक, राजासाहेबानं (इलयराजानं) या कॅसेटमधल्या ‘आय मेट बाख इन माय हाऊस’मध्ये हाच घेतलाय. पोरानं ट्यूनरवर तारा लावल्या, सोबत वाजवायला गेला अन् चार ओळींत गज खाली ठेवला. "मामा, हे ई मधी पण नाही अन् एफ मधी पण नाही." म्हणजे सूर शेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध.

डेकचा वेग तपासायची टेस्ट कॅसेट परभणीच्या मित्राकडून मागवून घेतली, ३००० हर्ट्झचा टोन लावला तर सॉफ्टवेअरमध्ये ३०९०! म्हणजे ३ टक्के फास्ट, बरोबर अर्धा सेमीटोन (शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा निम्मा). टेप दाबून धरणारा पिंच रोलर पुसला, टेप ओढणारा दांडा (कॅपस्टन) आयपीए म्हणजे अल्कोहोलनं साफ केला, मोटरच्या मागच्या भोकातला स्पीडचा स्क्रू खुणेपासून पार टोकाला नेला तरी ३०६० च्या खाली येईना. रात्री दीड वाजेस्तोवर निस्तं तेच करायलो.

सकाळी चहा पिताना डोक्यात आलं, मोटरवरचा रबरी बेल्ट! जुना मे महिन्यात वितळून डांबर झालता, म्हणून दिवाळीत ऑनलाइन मागवलेला टाकला. पाकिटावर १ मिमी लिहिलंय, कॅलिपर लावला तर १.२. मोटरची पुली इनमिन ६ मिमी व्यासाची, बेल्ट तिच्यावर अर्ध्या जाडीइतका वर बसतो, म्हणजे त्रिज्या ३.५ ची झाली ३.६. हिशेब केला अन् तेच ३ टक्के निघाले, लई म्हणजे लई बरं वाटलं. असले बेल्ट ऑनलाइन घेऊच नका, वजिराबादेत जुन्या रेडिओवाल्याकडं जा, त्यानं बोटात ताणून बघून १ मिमीचा काढून दिला. स्क्रू परत खुणेवर, टोन ३००२.

संध्याकाळी भाच्यानं परत वाजवलं. तार किंचित खालीवर करावी लागली, पण बसलं. व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन स्पीकरमधून अन् याचं समोरून, बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली.

हा अल्बम १९८६ चा, कर्नाटक संगीतातले त्यागराज आणि बाख दोघांना अर्पण केलेला. आपल्याकडं इलयराजा म्हणलं की ‘सदमा’वर गाडी थांबते. २०२५ च्या मार्चमध्ये लंडनला ‘व्हॅलियंट’ सिम्फनी झाली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, पण त्या माणसानं जवळपास चाळीस वर्षं आधी फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाजांत गुंफायचा बाखच्या काळातला प्रकार) लिहून ठेवलाय याची आठवण ज्याला होती असा एकही माणूस मला भेटला नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं. हजारावर सिनेमांच्या ढिगाखाली ही दहा ट्रॅक दबून गेली.

आता प्लॅन. दिवाळीनंतर उतरवलेल्या १४ कॅसेट सगळ्याच फास्ट आहेत. परत उतरवणार होतो, पण लिहिता लिहिताच लक्षात आलं की चूक सगळीकडं सारखीच ३ टक्क्यांची, मग सॉफ्टवेअरमध्येच वेग कमी (रिसॅम्पल) करून भागेल. परत फक्त ही एकच उतरवतो, तिचा ॲझिमथ (टेपवर हेड किती सरळ बसतं तो कोन) पण तेव्हा नीट लावला नव्हता. त्यानंतर १९८८ ची ‘नथिंग बट विंड’, हरिप्रसादजींची बासरी. लांब सुरात थोडासा वॉव (टेपचा वेग कमीजास्त होऊन सूर डगमगणं) आला तरी लगेच कळतो, त्यामुळं आधी तो मोजणार. कुणाकडं तिची चांगली प्रत असेल तर सांगा, माझ्याजवळच्या कॅसेटची टेप पहिल्या पाच मिनिटांत चुरगळलीय.