उजनीत गळ, होडीत नातवंडं: भिगवणची एक सकाळ

उजनी धरणाच्या फुगवट्यावर सकाळी पाणी आरशासारखं असतं आणि दहाच्या पुढे वारा उठायला लागतो. नातवंडांना घेऊन छोट्या होडीतून गळ टाकायला जायचं, तर सगळा बेत या वाऱ्यापासून उलटा मोजत आणायचा. साडेनऊला होडी काठाला लागलेली हवी, म्हणून सातच्या आसपास सुटायला हवी, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच भिगवण, डिकसळ किंवा कुंभारगावात हवा. पुण्याहून पहाटे चारला उठवलेली मुलं होडीत झोपतात किंवा रडतात, तिसरं काही करत नाहीत.

पुण्यापासून भिगवण सोलापूर रस्त्याने सुमारे १०० किलोमीटर: हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या बिनादिव्याच्या चाललेल्या असतात, तेव्हा अंधार पडायच्या आत पोहोचावं. मुक्कामाच्या घरी तीन गोष्टी फोनवरच विचारून ठेवायच्या: गरम पाणी, सकाळी साडेसहाला चहा आणि शौचालय. पाण्याच्या कडेला शौचालय नसतं, त्यामुळे ही चौकशी आजोबांच्याही कामाची.

कधी जायचं

डिसेंबर-जानेवारीत पाणी शांत, पण थंड. इथे गळाला यायची ती चिलापी (तिलापिया), आणि चिलापी हा उबेतला मासा. थंड पाण्यात तो सुस्तावतो आणि ऊन चढल्याशिवाय गळाकडे फिरकत नाही. मुलं तोवर कंटाळलेली असतात. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा खरा मेळ: सकाळी वारा नाही, पाणी कोमट होऊ लागलेलं आणि रोहित पक्षीही अजून असतात. एप्रिल-मे नको, तिथे वळवाचा भरवसा नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव (करमाळा) ते कळाशी (इंदापूर) अशी निघालेली प्रवासी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात याच पाण्यात उलटली आणि सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं होती. इथे पाण्याचा पसारा मोठा आहे. वाऱ्याला अडवायला काही नाही, की लाट वाढत जाते आणि होडी काठापासून लांब असेल तर तिला पळायला वेळ मिळत नाही. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाही.

निघण्याआधी धरणाची टक्केवारी पाहावी, पण ती वाचायची कशी हे ठाऊक हवं. उजनीत सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे टक्केवारीत न धरलं जाणारं तळाचं पाणी. म्हणून ‘उजनी शून्य टक्के’ अशी बातमी आली तरी अर्ध्याहून जास्त धरण भरलेलंच असतं. फरक पडतो तो काठाला. टक्केवारी उतरली की पाणी मागे सरतं आणि मधे काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यात मोठ्या माणसाचाही पाय पोटरीपर्यंत जातो. होडी आज कुठून सुटते आणि तिथवर गाडी जाते का, हे आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष पाहून यायचं. पाणी उतरलं की बुडालेली बाभळीची खोडं, जुन्या भिंती आणि विहिरींचे कठडेही वर येऊ लागतात. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उन्हाळ्यात दिसतं ते यामुळेच. मुलांना दाखवायला गंमत आहे, मोटारीच्या पंख्याला मात्र नाही.

होडी आणि होडीवाला

आपली रबरी होडी नेऊन फुगवायचा मोह टाळावा. खोडं, भिंती आणि जाळी कुठे आहेत हे तिथल्या मच्छीमारालाच माहीत असतं. जलाशयातल्या मासेमारीचा हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिलेला असतो, त्यामुळे गळ टाकायची परवानगी कुणाकडून घ्यायची हेही त्यालाच विचारायचं, आणि होडी ठरवतानाच. बोलणी करताना ‘पक्षी बघायला नाही, गळ टाकायला थांबायचंय’ हे आधी सांगा. पक्ष्यांची फेरी तासाभराची असते. थांबून राहायचे पैसे वेगळे, आणि त्यावरून काठावर हुज्जत नातवंडांसमोर बरी दिसत नाही.

होडीत बसायच्या आधी पाच मिनिटं तिच्याकडे नीट पाहावं. तळात पाणी साचलंय का? थोडंसं साचलेलं पाणीही होडी कलली की त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं; उपसायला डबा हवाच. मोटार असली तरी वल्ही आत आहेत का? खोडाला पंखा आपटला की पंख्याची पिन तुटते आणि मोटार नुसती घरघरते. जादा पिन आणि पक्कड होडीवाल्याकडे असेल तर माणूस कामाचा. सगळे बसल्यावर होडीची कड पाण्याच्या किमान एक फूट वर राहिली पाहिजे, नाहीतर एक माणूस उतरवायचा. आमचं गणित असं: दोन नातवंडं, त्यांच्यासोबत पोहता येणारा एक धडधाकट मोठा माणूस, आजोबा किंवा आजी, आणि होडीवाला. आजोबांना मुलांचा राखणदार म्हणून धरू नये. गुडघे दुखणारा माणूस पाण्यात उडी मारून पोराला काढू शकत नाही, हे घरीच कबूल केलेलं बरं.

लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं घरून न्या. काठावर मिळतात ती नारिंगी जॅकेटं मोठ्यांची असतात. मूल पाण्यात पडलं की ते खाली जातं आणि जॅकेट वर, डोक्यावरून निघून. आतल्या पट्टीवर किलो लिहिलेले असतात, ते मुलाच्या वजनाशी जुळवा. मांड्यांमधून जाणारा पट्टा हवा, कॉलर हवी, शिट्टी हवी. परीक्षा सोपी: सगळे बंद लावून जॅकेटचे खांदे धरून मुलाला वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे. आजीने साडीऐवजी सलवार-कुर्ता घालावा, पाण्यात साडी पायांना गुंडाळते. मुलांना गमबूट नकोत, ते पाण्याने भरतात. फेकायच्या लायकीचे कॅनव्हासचे बूट उत्तम. गाळात शिंपल्यांच्या आणि काचांच्या धारा असतात.

सामान

मुलांना रीळवाला रॉड देऊ नये. अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात जाते आणि मागे फिरवून फेकताना गळ कुणाच्या तरी कानात जातो. बांबूची आठ फुटी हलकी काठी आणि तिच्या टोकाला काठीएवढ्याच लांबीचा तंगूस (नायलॉनचा बारीक दोर), ०.२५ मिलिमीटर जाडीचा. गळ ८ किंवा १० नंबरचा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून टाका. चार मासे सुटतील, पण तो बोटात घुसला तर आला तसा मागे निघेल. गळाच्या वर वीतभर अंतरावर दोन ग्रॅमचं शिसं. तरंगायला बोटाएवढं ज्वारीच्या ताटाचं भेंड. त्यावर मेणबत्ती घासली नाही तर ते पाणी पितं आणि मासा नसतानाही बुडतं, मग नातू दर मिनिटाला ‘लागला, लागला’ ओरडतो.

आमिष कणकेचं: एक वाटी कणीक, दोन चमचे बेसन, अर्धा चमचा ठेचलेला लसूण, चार थेंब तेल आणि चिमूटभर पिंजलेला कापूस. कापूस विसरलात तर कणीक पाण्यात दोन मिनिटांत विरते. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळून ओल्या फडक्यात गुंडाळा. गळावर तुरीच्या दाण्याएवढीच गोळी. मोठी लावली की चिलापी कडेकडेने कुरतडून जाते. गांडुळं चालतात, पण त्यांना शिंगटा हा मिशावाला मासाही येतो आणि तो मुलांच्या होडीत नको. त्याच्या पाठीवरचा आणि दोन बाजूंचा काटा भयंकर ठणकतो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम हे मोठ्याने आपल्या हाताने बघायचं.

याशिवाय: लांब नाकाची पक्कड, कात्री, जाड ओलं फडकं, दोन बादल्या, गोगल किंवा साधा चष्मा प्रत्येक मुलाला, आणि हात धुवायला घरचं पाच लिटर पाणी. शेवटचं फार महत्त्वाचं. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून इथेच येतं. पाणी हिरवं दिसतं ते उगाच नाही. त्या हाताने चिक्की खाऊ द्यायची नाही.

पाण्यावर

चढताना एकेक जण, पाऊल होडीच्या मधोमध, वाकून, हात कडांवर. आधी होडीवाला, मग मोठा, मग मुलं, शेवटी आजोबा. वजनदार माणूस मधे. मुलं वेगवेगळ्या फळ्यांवर, एक डाव्या बाजूला तोंड करून, एक उजव्या. एकाच बाजूला दोघं बसली, की मासा लागताच तिसराही तिकडेच झुकतो, आणि छोट्या होड्या कलंडतात त्या अशाच. नियम काठावरच पाठ करून घ्यावा: मासा कितीही मोठा लागो, बूड फळीवरून उठणार नाही.

जागा काठापासून हाकेच्या अंतरावरची, तीन ते सहा फूट पाण्याची, बुडालेल्या बाभळीच्या किंवा गवताच्या कडेची. चिलापी तिथेच असते. खोल पाण्यात जाऊन मुलांना काही मिळत नाही. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर खाली जाळं आहे, तिथून लांब राहा. त्यात गळ अडकला तर आपला दोर कापायचा, जाळं ओढायचं नाही. ते कुणाचं तरी पोट आहे. रोहितांच्या थव्याकडे होडी दामटायला होडीवाल्याला सांगू नका.

होडी एकाच दोराने बांधली तर ती गोल फिरते आणि दोन्ही तंगूस एकमेकांत जातात. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, दगड आणि मागे गाळात रोवलेला बांबू, असं दोन्हीकडून धरायचं. दगडाचा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट सोडावा, आखूड ठेवला तर दगड घसरतो. नाळ वाऱ्याच्या तोंडाला. वारा वाढला तर आधी मागचा बांबू सोडायचा. मागून धरलेल्या होडीत लाट थेट आत येते.

आता मासा. पक्कड दोराला बांधून तळ मोजा आणि भेंड असं सरकवा, की आमिष तळापासून वीतभर वर राहील. चिलापी आधी चोखते, तेव्हा भेंड थरथरतं. तेव्हा ओढायचं नाही. भेंड तिरकं चालायला लागलं की मनगट वीतभर वर, बस्स. मुलं हमखास दोन्ही हातांनी काठी डोक्यावरून मागे फेकतात. मग मासा आजोबांच्या टोपीवर आणि गळ हवेत. चिलापीच्या पाठीचे काटे डोक्याकडून शेपटीकडे हात सरकवत मिटवायचे आणि ओल्या फडक्यात धरायची. कटला-रोहूचं पिल्लू लागलं तर ओल्या हाताने लगेच सोडा. खरखरीत अंगाचा सकर (बाहेरून इथे आलेला मासा) आला तर तो मात्र पाण्यात परत नको.

पाऊण तासानंतर धाकट्याचं लक्ष उडतं. तेव्हा काठी काढून घ्यावी आणि काम द्यावं: डब्याने पाणी उपसणं, मासे मोजणं, कणकेच्या गोळ्या करणं. काठ्या एका वेळी दोनच पाण्यात. केळी आणि थालीपीठ बरोबर असू द्या. निघण्याआधी पेलाभर दूध पाजलेलं मूल होडीत मळमळतं. एकूण दीड तास, जास्तीत जास्त दोन. मासे लागायला लागले असतील तरी.

पाण्यावर बारीक सुरकुत्या सलग दिसू लागल्या, किंवा ढगांचा गडगडाट ऐकू आला, की काठ्या आत आणि थेट काठ. तरीही कुणी पडलंच तर मोटार बंद आणि त्याला मागच्या बाजूने वर घ्यायचं. कडेवरून ओढलं तर होडीही त्याच्या अंगावर येते. होडी उलटली तर ती सोडून पोहत निघायचं नाही, धरून राहायचं. गळ काट्यासकट बोटात रुतला असेल आणि सहज मागे येत नसेल तर ओढाताण न करता तंगूस कापायचा, वर फडकं बांधायचं आणि दवाखाना गाठायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते निघण्याआधी आईला विचारून ठेवा, आजोबांना ते आठवत नसतं.

काठावर आल्यावर

पकडलेली चार चिलापी मुक्कामाच्या घरी तळून मिळते का हे आदल्या रात्रीच विचारा. नाही जमलं तर भिगवणला मासळीच्या खानावळी आहेतच. मुलांच्या ताटात मरळ किंवा चिलापी वाढायला सांगा. मरळीत काटे कमी आणि चिलापीचा मधला सांगाडा सहज निघतो. कटला-रोहूच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात, ते मोठ्यांनी खावेत.

गाडीत बसायच्या आधी गळ मोजायचे. दहा नेले असतील तर दहा परत हवेत, तुटलेले वजा करून. एक हटकून कमी भरतो. तो बहुधा धाकट्याच्या लाइफ जॅकेटच्या मागच्या बाजूला, कॉलरच्या शिवणीत सापडतो.