एकाच रुग्णांवरचे दोन पेपर: जर्नलकडे शंका मांडण्याचा माझा अनुभव

एका सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं, म्हणजे एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधून त्यांचा एकत्रित हिशोब मांडण्याचं, काम चालू असताना आम्हाला दोन पेपरमधले आकडे जुळताना दिसले. पुढे त्यातला एक पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे अधिकृतपणे मागे घेतला गेला. मधल्या काळात काय काय करावं लागलं, ते लिहिते आहे. जर्नलला अशी शंका कळवायची कशी, हे कुणी शिकवत नाही. वाङ्मयचौर्यावर एखादं व्याख्यान होतं आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा विषय तिथेच आटोपतो.

आमचा विषय होता गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाचा दुखण्यावर किती परिणाम होतो, हा. अशा कामात दोन जणांनी प्रत्येक पेपरमधले आकडे एकमेकांना न विचारता काढायचे आणि मग ताडून पाहायचे, अशी पद्धत असते. माझ्याबरोबर माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी होती. ताडणी करताना तिने स्क्रीनवर दोन ओळी एकाखाली एक लावल्या आणि म्हणाली, "मॅडम, हे दोन वेगळे ट्रायल आहेत असं आपण धरलंय, पण यातले रुग्ण तेच दिसतायत."

ट्रायल म्हणजे रुग्णांचे गट करून उपचार ताडून पाहणारी चाचणी. दोन्हींत वयाची सरासरी तीच. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेले आहेत त्याचं माप, तेच. वजन, आजाराचा काळ, उपचाराआधीचा वेदनेचा गुण, सगळं शेवटच्या दशांशापर्यंत सारखं. सरासऱ्या कधीकधी योगायोगाने जुळतात. पण दोन्ही गटांतल्या सगळ्या सरासऱ्या आणि सगळी प्रमाण विचलनं एकदम जुळणं जवळपास अशक्य. मध्येच उपचार सोडून गेलेल्यांची संख्याही तीच होती. नैतिकता समितीच्या मंजुरीचा क्रमांकसुद्धा एकच. फरक होता तो बाकीच्या गोष्टींत. जर्नल वेगळं, शीर्षक वेगळं, पहिला लेखक वेगळा आणि दुसऱ्या पेपरमध्ये एक तिसरा गट जास्तीचा. गटवाटणीसाठी, म्हणजे कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे ठरवायला, पहिल्या पेपरमध्ये बंद पाकिटं वापरली होती, दुसऱ्यात संगणकावरची यादी. आणि नंतर आलेल्या पेपरमध्ये आधीच्याचा साधा उल्लेखही नव्हता.

हे तांत्रिक खुसपट वाटेल, म्हणून एक जुनं उदाहरण सांगते. १९९७ मध्ये मार्टिन ट्रॅमेर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ओंडान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाच्या ट्रायल्सचा अभ्यास छापला. रुग्णांच्या एकूण माहितीपैकी २८ टक्के माहिती पुन्हा छापलेली होती आणि मूळ पेपरचा स्पष्ट संदर्भ कुठेच दिलेला नव्हता. जिथे औषधाचा गुण जास्त दिसला होता, तेच ट्रायल पुन्हा छापले जाण्याचं प्रमाण अधिक होतं. ही दुबार माहिती धरून हिशोब केला, तर औषधाची परिणामकारकता २३ टक्क्यांनी फुगत होती. म्हणजे डॉक्टरला औषध आहे त्याहून चांगलं वाटणार, आणि किंमत मोजणार रुग्ण, ज्याने यातलं काहीच वाचलेलं नाही. आमच्या रिव्ह्यूतही नेमकं हेच झालं असतं.

तरी पहिलं पत्र जर्नलला लिहायचं नाही, असं आम्ही ठरवलं. एकाच ट्रायलवर दुसरा पेपर निघणं हा गुन्हा नाही. दीर्घकाळानंतरचे निष्कर्ष वेगळे छापतात, उपगटांचं विश्लेषण वेगळं छापतात. अट एवढीच की मूळ पेपरचा हवाला ठळकपणे दिला पाहिजे आणि संपादकाला आधीच सांगितलं पाहिजे. त्यामुळे लेखकांकडे काही उत्तर असण्याची शक्यता होती. आम्ही दोन्ही पेपरच्या पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकांना विचारलं: हे एकच रुग्ण आहेत का? असतील तर गटवाटणीचं वर्णन दोन तऱ्हेचं का? एकाकडून काहीच आलं नाही. दुसऱ्याने कळवलं की दोन्ही कामं "एकाच प्रकल्पाचा भाग" आहेत, आणि त्यापुढच्या प्रश्नांना उत्तर दिलं नाही.

मग जर्नलना लिहिलं. या पत्रावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली आणि ती सार्थकी लागली असं मला वाटतं. चोरी, बनावट, फसवणूक यातला एकही शब्द त्यात नव्हता. एक तक्ता होता: डावीकडे पहिल्या पेपरमधला आकडा, उजवीकडे दुसऱ्यातला, शेजारी पान आणि तक्ता क्रमांक. खाली तीन प्रश्न आणि लेखकांशी झालेला पत्रव्यवहार जसाच्या तसा जोडलेला. शेवटी आमचे हितसंबंध: आम्ही या विषयावर रिव्ह्यू लिहितो आहोत, लेखकांपैकी कुणाला ओळखत नाही, कुणाशी स्पर्धा नाही. संपादकाला तक्रारदाराच्या रागाशी काही देणंघेणं नसतं. त्याला पडताळून पाहता येईल असं काहीतरी हातात लागतं. दोन्ही जर्नलना एकच पत्र पाठवलं आणि ते दुसऱ्यालाही पाठवल्याचं त्यातच लिहिलं, नाहीतर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसले असते.

नावाचा प्रश्न आला तेव्हा मात्र आम्हाला थांबून विचार करावा लागला. पहिल्या जर्नलने विचारलं, तुमची नावं लेखकांना कळवली तर चालेल का? मी माझं नाव द्यायला तयार होते. माझी नोकरी कायम आहे. विद्यार्थिनीचं तसं नाही. उद्या तिचा प्रबंध किंवा तिचा पेपर त्याच क्षेत्रातल्या माणसांपुढे तपासायला जाणार. जुळणारे आकडे शोधले तिने, त्याचं श्रेय तिचं, पण धोकाही तिच्याच वाट्याला येणार हे मला पटेना. तिच्याशी बोलून पत्रव्यवहार माझ्या एकटीच्या नावाने ठेवला. खरं तर शंका मांडणारा कोण, यापेक्षा शंकेत तथ्य आहे का हे संपादकाने पाहायचं असतं. निनावी पत्रातही नेमका पुरावा असेल तर तो तपासावा, असंच कोप या संघटनेचं म्हणणं आहे.

कोप म्हणजे कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स. १९९७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या काही संपादकांनी ती सुरू केली. दुबार प्रकाशनाची शंका आली, लेखकाच्या नावावरून वाद झाला, आकडे रचलेले वाटले, तर संपादकाने पायरीपायरीने काय करायचं याचे तक्ते तिने बनवले आहेत आणि ते कुणालाही मोफत वाचता येतात. मी ते समोर ठेवूनच प्रत्येक टप्प्यावर विचारत गेले. कोप स्वतः लेखकांची चौकशी करत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. सभासद जर्नलने तक्रार नीट हाताळली की नाही, एवढंच ती पाहते, तेही जर्नल आणि प्रकाशकाकडची दाद मागून झाल्यावर.

दुसऱ्या जर्नलकडून फक्त यांत्रिक पोच आली होती. स्मरणपत्रांना उत्तर नाही. शेवटी प्रकाशकाच्या संशोधन-नीतिमत्ता विभागाला लिहिलं, आणि तिथून चक्रं हलली. पहिल्या जर्नलच्या संपादकाने मला एक गोष्ट नीट समजावली. संपादक रुग्णालयात जाऊन केसपेपर तपासू शकत नाही. तो लेखकांकडे मूळ माहिती मागतो, आणि समाधान झालं नाही तर त्यांच्या संस्थेला चौकशी करायला सांगतो. संस्थेला आपल्याच माणसांची चौकशी करायची असते. उशीर होतो तो बहुतेक इथेच. या काळात पेपर जसाच्या तसा उभा असतो, लोक तो वाचत असतात, आपल्या पेपरमध्ये त्याचा हवाला देत असतात. म्हणून मी आग्रह धरला की निदान चौकशी चालू असल्याचं वाचकाला कळू द्या. दुसऱ्या जर्नलने अखेर पेपरवर 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न', म्हणजे या पेपरबद्दल शंका असल्याची वाचकांसाठीची सूचना, लावलं. माझ्या मते हे पाऊल जर्नलं फार उशिरा उचलतात. लेखकाच्या प्रतिष्ठेची काळजी योग्यच आहे. पण त्या आकड्यांवरून उपचार ठरवणाऱ्याची काळजी त्याहून कमी असता कामा नये.

याच दरम्यान आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं की सगळं सरळ पबपीअरवर, म्हणजे छापलेल्या पेपरवर जाहीर टिप्पणी करता येणाऱ्या संकेतस्थळावर, टाका, सगळ्यांना दिसू दे. मी नको म्हटलं. पबपीअरमुळे कित्येक चुका उघड झाल्या आहेत आणि जर्नल ढिम्म हलत नसेल तर तो रस्ता मला अगदी रास्त वाटतो. पण इथे चौकशी सुरू झाली होती. लेखकांना त्यांची बाजू मांडू न देता जाहीर बोभाटा करणं मला मान्य नव्हतं. आमच्या रिव्ह्यूत मात्र आम्ही थांबलो नाही. मुख्य हिशोबात फक्त पहिला पेपर धरला, दोन्ही धरल्यास काय होतं ते वेगळं दाखवलं आणि कारण कोणताही आरोप न करता लिहिलं.

चौकशीत एक गोष्ट निघाली, ती मी विसरणार नाही. दुसऱ्या पेपरच्या एका कनिष्ठ सहलेखकाने संपादकाला कळवलं की या पेपरवर आपलं नाव आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो संस्था सोडून गेला होता. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निकषांनुसार लेखक होण्यासाठी चार गोष्टी लागतात: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्याच्या आशयाची कसून तपासणी, अंतिम प्रतीला मान्यता आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही हव्यात. या मुलाची मान्यता कुणी घेतलीच नव्हती, आणि त्यामुळे जबाबदारी त्याच्यावर लादली गेली होती. पेपर सबमिट होताच प्रत्येक सहलेखकाला त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर ईमेल जाण्याची पद्धत किती मोलाची आहे, ते मला इथे कळलं.

शेवटी दुसरा पेपर रिट्रॅक्ट झाला. पहिला राहिला, कारण अशा प्रकरणात आधी छापलेला पेपर, त्यातल्या माहितीवरच संशय नसेल तर, काढत नाहीत. गटवाटणीच्या मूळ नोंदी संस्थेने पाहिल्या होत्या, त्या पहिल्या पेपरशी जुळल्या. रिट्रॅक्शनच्या सूचनेचा पहिला मजकूर मात्र "लेखकांच्या विनंतीवरून" एवढाच होता. मी पुन्हा लिहिलं. कोण माघार घेतंय आणि का, हे सूचनेत असलंच पाहिजे. नाहीतर प्रामाणिक चूक कळवून स्वतः पेपर मागे घेणारे लेखक आणि इतर सगळे एकाच रांगेत बसतात. सुधारित सूचनेत दुबार प्रकाशन आणि सहलेखकाची संमती नसणं, दोन्ही स्पष्ट लिहिलं आहे.

रिट्रॅक्ट झालेल्या पेपरचे हवाले पुढेही दिले जातात, म्हणून आम्ही आधीचे रिव्ह्यू शोधले. दोन्ही पेपर वेगळे धरणारे दोन सापडले. एका चमूने आठवड्याभरात उत्तर दिलं, हिशोब पुन्हा केला आणि दुरुस्ती छापली. व्यायामाचा फायदा राहिला, पण आधीपेक्षा कमी. दुसऱ्या चमूने अजून काही कळवलेलं नाही. त्यांच्या जर्नलला पाठवायचं पत्र माझ्या विद्यार्थिनीने तयार केलं आहे, तक्त्यासकट. तिचा प्रबंध आता मंजूर झाला आहे आणि या पत्रावर ती स्वतःच्या नावाने सही करणार आहे.