आमची वाटचाल: रंगाच्या नमुन्यापासून ओलाव्याच्या आकड्यापर्यंत

फर्निचर करून घ्यायला आलेला माणूस आधी रंग सांगतो. गडद हवं, अक्रोडासारखं हवं, फार पिवळं नको. सुरुवातीला आमचं कामही तिथूनच सुरू व्हायचं: नमुन्याचे तुकडे मांडायचे, एक ठरला की मापं घ्यायची. आता तेच तुकडे सगळ्यात शेवटी बाहेर येतात. आधी विचारायचं ते असं: वस्तू कुठे उभी राहणार, तिची सगळ्यात रुंद फळी किती, भार कशावर येणार, पाणी कुठे लागणार, ऊन कोणत्या बाजूने येणार. हा क्रम उलटा झाला तो लाकडाच्या हालचालीमुळे.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड नव्हे. ते रुंदपर्णी झाडाचं लाकूड, एवढाच त्याचा अर्थ. नखाने दबणारं बाल्साही हार्डवुडच. कठीणपणा पाहायला जांका चाचणी आहे: 11.28 मिमी व्यासाची पोलादी गोळी निम्मी आत रुतवायला किती जोर लागतो, ते मोजतात. पौंडांत बोलायचं तर चेरी साधारण 950, अक्रोड 1010, बीच 1300, अ‍ॅश 1320, व्हाइट ओक 1350 आणि हार्ड मेपल 1450. जेवणाच्या टेबलाचा टॉप, खुर्चीचे हात, खणांच्या कडा यांच्यासाठी हा आकडा कामाचा. कपाटाच्या दाराला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. दार घासलं जात नाही, ते फुगतं आणि पिळतं.

लाकडातला ओलावा साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली गेला की आकसणं सुरू होतं, आणि पुढे ते कायम हवेशी देवाणघेवाण करत राहतं. हवेतली आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकूड 9 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, 65 टक्क्यांना 12 आणि 80 टक्क्यांना 16. लांबीत फरक नगण्य, सगळी हालचाल रुंदीत. म्हणून 900 मिमी रुंदीच्या टेबल टॉपचा हिशेब आम्ही रेखाचित्राच्या कोपऱ्यातच मांडतो. ओलावा 8 वरून 12 टक्क्यांवर गेला तर सरळ चिरलेल्या (म्हणजे वाढीची वर्तुळं रुंद बाजूला जवळजवळ आडवी असलेल्या) फळ्यांचा बीचचा टॉप साधारण साडेपंधरा मिमी वाढतो, व्हाइट ओकचा 13, अक्रोडाचा 10, चेरीचा 9 आणि सागाचा पावणेसात. साग फर्निचरला का मानवतो, त्याचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे.

पण हालचाल नुसत्या जातीवर ठरत नाही, चिरण्याच्या पद्धतीवरही ठरते. तोच व्हाइट ओक क्वार्टर-सॉन घेतला, म्हणजे वाढीची वर्तुळं फळीच्या रुंद बाजूला जवळजवळ उभी राहतील असा चिरला, तर 13 मिमीचे साडेसहा होतात. सरळ चिरलेल्या सागाइतका शांत ओक! शिवाय गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या किरण-पेशींची ती चकाकती नक्षी वरून मिळते. नुसतं 'ओक हवा' असं लिहून ऑर्डर दिली तर यातलं काहीच हातात राहत नाही. मागणीपत्रात जात, चिरण्याची पद्धत, जाडी आणि ओलावा, चारही गोष्टी लिहायच्या. आधी जातीचा अभ्यास खूप आणि चिरण्याचा कमी, ही आमची मोठी उणीव होती.

माल आल्यावर ओलावा मोजायचा तो फळीच्या टोकाला नव्हे. टोक लवकर वाळतं आणि खोटा दिलासा देतं. टोकापासून फूटभर आत कापून ताज्या कापावर, मध्यभागी आणि पृष्ठभागाजवळ, असं दोन ठिकाणी मीटर लावायचं, जातीचं सेटिंग बदलायला न विसरता. दोन आकड्यांत 2 टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लाकूड थांबवून ठेवतो. फळ्यांच्या मध्ये 20 ते 25 मिमीच्या पट्ट्या, एकावर एक बरोबर एका रेषेत येतील अशा, ठेवून थप्पी रचायची, आणि वस्तू जिथे उभी राहणार तिथल्या हवेशी मिळत्याजुळत्या जागी दोन-तीन आठवडे ठेवायची.

भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडाची आणखी एक परीक्षा आहे, ती मीटरला कळत नाही. फळीतून आडवी 25 मिमीची चकती कापायची, तिच्या मधला भाग करवतीने काढून दोन बोटांचा चिमटा करायचा. बोटं सरळ राहिली तर लाकूड निवांत आहे. कापता कापताच ती आत वळून एकमेकांना टेकली तर आत ताण कोंडलेला आहे. असं लाकूड उभं चिरताना करवतीचं पातं धरून ठेवतं आणि रंध्याखाली एका बाजूने जास्त काढलं की त्याच दिवशी वाकतं. जाड ओकमध्ये तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे तडे सापडतात, बाहेरून फळी सुरेख दिसत असताना. आलेल्या प्रत्येक लॉटमधून एक चिमटा कापायचाच, हा नियम त्यामुळे पडला.

दारांत हालचालीला जागा द्यायची ती चौकटीच्या खाचेत. 10 मिमी खोल खाचेत पॅनेल 7 मिमी आत बसवलं तर प्रत्येक बाजूला 3 मिमी मोकळी जागा उरते. सागाच्या 400 मिमी पॅनेलला 4 टक्के फरकाने लागतात एकूण 3 मिमी, म्हणजे बाजूला दीड. सुटसुटीत. सरळ चिरलेल्या बीचला लागतात जवळपास 7 मिमी, बाजूला साडेतीन. म्हणजे तीच खाच बीचला अपुरी पडते, पॅनेल चौकटीला ढकलतं आणि कोपऱ्यातली कूस, म्हणजे सांधा, उघडते. तिथे खाच 12 मिमी खोल घ्यायची, किंवा क्वार्टर-सॉन फळी, किंवा विनियरचं (वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) पॅनेल. पॅनेलला खाचेत ग्लू लावायचा नाही. वर आणि खाली फक्त मध्यावर एक छोटी पिन, म्हणजे ते दोन्हीकडे सारखं सरकतं. आणि पॉलिश जोडणीच्या आधी, कडेसकट. नाहीतर कोरड्या हवेत पॅनेल आकसलं की कडेला दीड मिमीची कोरी, फिकट रेघ उघडी पडते. गडद पॉलिशवर ती लांबूनही दिसते आणि नंतर नीट झाकता येत नाही.

टेबलाचा टॉपही असाच मोकळा ठेवायचा: चौकटीला लांबट भोकांतून स्क्रू किंवा लाकडी गुटके. गोल भोकात घट्ट आवळलेला टॉप कुठेतरी फाटतोच.

जातीचा विचार इथून पुढे सोपा होतो. सिंकजवळ साग किंवा व्हाइट ओक. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बंद झालेल्या असतात, म्हणूनच त्याची पिंपं गळत नाहीत. रेड ओकच्या बोटभर तुकड्याच्या एका टोकाला फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाला ओलसर बोटावर हवा जाणवते. नावात दोघेही ओक, पण पाण्याशी वागणं अगदी वेगळं. खुर्चीचे पाय आणि वाकवलेल्या पाठी अ‍ॅशच्या, कारण तो चिवट आहे आणि वाफेवर चांगला वाकतो: जाडीच्या दर 25 मिमीला साधारण एक तास वाफ. खणांच्या बाजूंना मेपल किंवा बीच, तेही क्वार्टर-सॉन. बीच पाण्यापासून लांब.

प्रत्येक लाकडाची कारखान्यात स्वतःची खोड असते. सागात तेल असतं आणि सिलिका. सिलिकेने पाती लवकर बोथट होतात, कार्बाइडचीसुद्धा. तेलामुळे सांधा सुटतो. त्यासाठी त्याच दिवशी रंधलेला पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसायचा आणि 15 मिनिटांच्या आत ग्लू लावून क्लॅम्प करायचा. पुसून ठेवून दुसऱ्या कामाला गेलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. मेपल आणि चेरी राउटरखाली जळतात. बिट धारदार हवं आणि हात मध्ये थांबायला नको. ओकात टॅनिन असतं, ओल्या ग्लूसह लोखंडी क्लॅम्प टेकला की निळा-काळा डाग पडतो. मध्ये पॉलिथिनची पट्टी घालायची. डाग पडलाच तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातो, मात्र नंतर पाण्याने नीट धुवावं लागतं. ओकवर स्टील वूल वापरायचीच नाही.

मग येतो रंग, आणि तो आज दिसतो तसा राहत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगायला हवं. चेरी उजेडात काही महिन्यांत गडद होते, टेबलावर एकाच जागी ठेवलेल्या वस्तूचा फिकट ठसा उमटतो. अक्रोड उलट वर्षानुवर्षं फिका होत जातो. सागाच्या ताज्या फळीवरचे हिरवट-काळपट पट्टे उजेडात बरेचसे मिटून सोनेरी तपकिरी होतात, त्यामुळे ताजा साग पाहून फळी नाकारू नये. मेपल पांढरा हवा असेल तर तेलाचं पॉलिश नको, पाण्यावर आधारित लॅकर हवा. स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावायचा असेल तर मेपल, चेरी आणि बर्च ठिपक्याठिपक्यांनी रंग पितात, आधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) हात द्यावा लागतो. गडद रंगासाठी फिकं लाकूड रंगवण्यापेक्षा गडद लाकूडच घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. ओरखडा पडला तरी आतून तोच रंग निघतो.

झाडाचा बाहेरचा पांढरा भाग मोठ्या रंध्रांच्या लाकडात कपाटाच्या आत चालवून घेऊ नका. त्यातल्या स्टार्चवर भुंगेरा जगतो: एक-दोन मिमीची भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी. सागाचा पांढरा भागही टिकाऊ नसतो. तो कापून टाकला की वाया जाणं वाढतं. म्हणून तयार मापाच्या वर निदान 30 टक्के माल मागवतो, क्वार्टर-सॉनला त्याहून जास्त. 25 मिमीच्या कच्च्या फळीतून 20 मिमी हाती लागेल, असं धरून चालायचं.

शिसव मागणाऱ्याला कागदांची गोष्ट आम्ही आधी सांगतो. 2017 पासून डॅल्बर्जिया वंश, म्हणजे शिसव आणि शिसमसुद्धा, साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्राझिलियन रोजवुड 1992 पासून पहिल्यात. वस्तू सीमेपार जाणार असेल तर परवानगीचा प्रश्न उभा राहतो. धुळीचंही तसंच. हार्डवुडची धूळ कर्करोगकारक म्हणून 1995 पासून नोंदलेली आहे, नाकाच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. त्यामुळे यंत्राला सक्शन जोडलेलं नसेल तर घासकाम सुरूच होत नाही.

काम पूर्ण झालं की त्याच फळीचा वीतभर तुकडा बाजूला काढतो. त्यावर पेन्सिलने जात, चिरण्याची पद्धत, जोडणीच्या दिवशीचा ओलावा आणि पॉलिश लिहितो. अर्ध्या तुकड्यावर पॉलिश असतं, अर्धा कोरा. पुढे दाराची कड फुटली किंवा जोडीचं कपाट हवं झालं, तर शोध त्या तुकड्यापासून सुरू होतो.