बारा नंबरचा रॉड

आमच्या स्वयंपाकघरात कट्ट्याच्या वरच्या फळीला खालून एक लोखंडी ‘व्ही’ बसवलाय. पंचवीस मिलिमीटरच्या पट्टीचे दोन तुकडे, एका टोकाला जुळलेले, दुसऱ्या टोकाला पसरलेले, आतल्या कडांना कानशीनं पाडलेले दाते. लोणच्याची बरणी खालून त्यात सरकवायची, झाकण दातांत अडकलं की दोन्ही तळव्यांनी बरणी फिरवायची. बोटांनी काही धरावं लागत नाही. दिसायला प्रकार भयंकर आहे. जोडावर वेल्डिंगचा असा गोळा साचलाय की माझी जाऊ म्हणाली, ‘चिंगम चिकटवलंय काय?’ पण मी माझ्या हातानं केलेली ही पहिली उपयोगी वस्तू. त्याआधीच्या सगळ्या, मला वेल्डिंग शिकवणाऱ्या मेस्त्रींच्या भंगारात गेल्या.

मला आमवात आहे. रिपोर्टात रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या कोल्हापुरातल्या, शाहूपुरीच्या घरात कमरेइतकं पाणी आलं होतं. ते ओसरल्यावर मी आठवडाभर गाळ उपसत होते, आणि दिवाळीनंतर बोटं तळव्याला लागतात तिथले सांधे सुजायला लागले, दोन्ही हातांचे एकदमच. म्हणून सासूबाईंच्या लेखी हा ‘पुराचा वात’. डॉक्टरांनी अँटी-सीसीपीची, म्हणजे आमवात ओळखायची रक्ततपासणी करून घेतली आणि सांगितलं की गाळाचा संबंध नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटलीय. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि मेथीचे लाडू केले. लाडू छान झाले होते.

औषधं चालू झाली ती अशी: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे आमच्या ह्यांनी स्ट्रिपवर लाल पेनानं ‘शनि’ लिहून ठेवलंय. रविवार मळमळीत जातो. जोडीला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. नाव ओळखीचं वाटत असेल. एप्रिल २०२० मध्ये ही गोळी कोरोनावर चालते म्हणून गाजली आणि ज्यांना ती रोज लागते त्यांनाच मिळेना. मी सहा मेडिकल फिरून दोन स्ट्रिपा आणल्या होत्या. त्या गोळीनं कोरोना काही बरा होत नाही हे नंतर सिद्ध झालं, तोवर माझे गुडघे धरले होते.

मी शाळेत गणित शिकवते. सकाळी उठल्यावर पहिले दीड-दोन तास हात लाकडाचे असतात. दुपारनंतर मोकळे होतात. चार ते सात हा माझा उत्तम काळ, आणि तो पेपर तपासण्यात जायचा.

मग पलंग मोडला. सासऱ्यांचा जुना लोखंडी पलंग, पुरात चार दिवस बुडालेला. वरून रंग मारून आम्ही त्याला जगवला होता, पण आतून गंज चालूच होता. २०२२ च्या डिसेंबरात एक पाय जोडातून निखळला. टेम्पोत घालून उद्यमनगरात मेस्त्रींच्या शेडवर नेला. त्यांचा मुलगा आठवीत माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे असतील.

मी स्टुलावर बसून होते. वेल्डिंग चालू झालं की आपण सगळे मान फिरवतो, तशी मीही फिरवली. मेस्त्रींनी दुसरी हँडस्क्रीन, म्हणजे तोंडापुढं धरायची काळी काच, माझ्या हातात दिली. ‘बघायचं आसंल तर यातनं बघा. नुसत्या डोळ्यानं नको.’

काळ्या काचेतून आधी काहीच दिसत नाही, शेड नाही, मेस्त्री नाहीत, स्वतःचा हात नाही. मग एकदम हिरवट उजेडात नखाएवढं एक डबकं दिसलं. लोखंडाचं डबकं! त्यावर दुधावरच्या सायीसारखा थर सरकत होता आणि वेल्डिंगचा रॉड, म्हणजे वितळत जाणारी सळई, पुढं जाईल तसं ते डबकं मागं गोठत जात होतं. ठिणग्या वगैरे बाहेरच्या लोकांसाठी. आत फारच शांत प्रकार चालू होता. मी रॉड संपेपर्यंत बघत राहिले आणि पाय बसल्यावर विचारलं, ‘मला शिकवाल?’

घरी सांगितल्यावर जे व्हायचं ते झालं. ‘साधी चपाती लाटता येत नाही आणि वेल्डिंग?’ हा प्रश्न मला चौघांनी वेगवेगळ्या दिवशी विचारला. खरं तर प्रश्न बरोबर होता. लाटणं दाबावं लागतं, रॉड दाबावा लागत नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

डॉक्टर हसले नाहीत, पण लगेच हो पण म्हणाले नाहीत. मेथोट्रेक्सेट क्वचित फुप्फुसाला त्रास देतं आणि आमवातही देतो, त्यामुळे आधी छातीचा एक्स-रे काढायला लावला. मग अटी घातल्या: काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला बसून, तोंडाला धुराचा मास्क. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाला हात लावायचा नाही. पूर्ण बाह्यांचे जाड सुती कपडे घालायचे, कारण वेल्डिंगच्या उजेडानं कातडी भाजते आणि माझ्या गोळ्यांनी ती आधीच हळवी झालीय. सांधे सुजले असतील त्या आठवड्यात सुट्टी. आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसाठी दरवर्षी डोळ्याच्या पडद्याची तपासणी असतेच, ती चुकवायची नाही.

या पाइपाचं मेस्त्रींना डॉक्टरांइतकंच माहीत होतं. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, सकाळी उतरतो. त्यावर त्यांच्याकडे उपाय गूळ आणि दूध. उद्यमनगरात हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, गूळ खा, पण धूर घेऊ नका.

शिकायला बुधवारी जायचं ठरलं. पहिल्या बुधवारी अडलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं तिथं. होल्डरच्या जबड्यात रॉड बसवायचा तर मागची दांडी दाबावी लागते आणि तिची स्प्रिंग चांगलीच कडक असते. मला ती दाबेना. दोन्ही हातांनी दाबली तर रॉड कोण घालणार? मी होल्डर खाली ठेवला आणि ‘नाही जमणार’ म्हणाले. गेल्या तीन वर्षांत हे वाक्य म्हणायची मला चांगली सवय झाली होती, आणि ते म्हटलं की समोरचा माणूस ‘असू दे, असू दे, आराम करा’ म्हणतो याचीही.

मेस्त्रींनी माझा हात बघितलाच नाही. होल्डर उचलून बघितला. ‘अडतंय कुठं? हितं?’ म्हणाले, शेडमागं गेले आणि पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा घेऊन आले. तो गरम करून दांडीवर चढवला. दांडी लांब झाली आणि तळहाताच्या टाचेनं दाबता यायला लागली. मग त्यांनी केबल बघितली. केबलचं सगळं वजन मनगटावर येतं, म्हणून छताच्या अँगलला सायकलची जुनी ट्यूब बांधून केबल तिला लटकवली. होल्डर हातात पेनासारखा हलका झाला. सगळं मिळून पंधरा मिनिटं. दया नाही, चौकशी नाही, ‘कसं झालं हो तुम्हाला’ नाही. चहा सांगितला आणि म्हणाले, ‘मारा आता.’

मग रॉड चिकटला. सगळ्यांचाच चिकटतो म्हणे. बारा नंबरचा रॉड, म्हणजे अडीच मिलिमीटरचा. दहा नंबर म्हणजे सव्वातीनच्या आसपास. हे आकडे जुन्या वायर गेजचे आहेत, आकडा वाढला की जाडी कमी. रॉड लोखंडावर घासून उचलायचा असतो, काडेपेटीवर काडी ओढल्यासारखा. उचलायला उशीर झाला की तिथंच जोडला जातो, लालबुंद होतो आणि आपण तो हिसकत बसतो. जास्त उचलला की विझतो. मधलं अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिलिमीटर. आणि गंमत म्हणजे रॉड सतत जळून आखूड होत असतो, त्यामुळे हात एका जागी स्थिर ठेवला तर अंतर वाढत जातं. हात पुढं न्यायचा आणि त्याच वेळी खालीही आणायचा. दोन वेग एकाच वेळी. हे गणित मी दहावीच्या पोरांना फळ्यावर सहज सोडवून दाखवीन. हाताला ते कळायला मला सात बुधवार लागले.

मशीन इन्व्हर्टरचं, सिंगल फेजवर चालणारं. बारा नंबरला मी पंचाहत्तर अँपिअरवर ठेवते. मेस्त्री आकडा बघत नाहीत, आवाज ऐकतात. करंट कमी असला की आवाज अडखळतो, थुंकल्यासारखा येतो. बरोबर असला की एकसारखा, पावसाची बारीक सर पत्र्यावर धरून राहावी तसा. मी पलीकडं अडखळत असले तर ते आपल्या कामावरची मान वर न करता ओरडतात, ‘बाई, लांब झालं!’

जोड झाला की वर काळं कवच धरतं, त्याला स्लॅग म्हणतात. हातोडीच्या टोकानं तो फोडायचा. नीट मारलेला असला तर स्लॅग एका पट्टीत सुटून येतो, कधीकधी तर गार होताना आपणहून वळून निघतो आणि खाली खवल्याखवल्यांची चकचकीत रेघ दिसते. हे माझ्या आयुष्यात आजवर चारदा झालंय. चारही तुकडे मी ठेवलेत.

डोळ्यांचा धडा मार्चमध्ये मिळाला. टाका मारताना, म्हणजे दोन तुकडे जागेवर धरण्यापुरता ठिपका लावताना, मी आळस केला. स्क्रीन घ्यायची तर एक हात अडकतो, आणि माझा डावा हात तुकडा धरायला हवा होता. डोळे मिटून मारले. पाच-सहा टाके. मिटताना नक्कीच कुठंतरी वेळ चुकली. तेव्हा काही वाटलं नाही. रात्री एक वाजता डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं, उघडवेनात, मिटवेनात. सूर्याच्या उन्हात कातडी भाजते तसं बुबुळावरचं पातळ आवरण भाजलेलं असतं आणि ते असंच काही तासांनी कळतं. मेस्त्रींच्या मते कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मलम मिळालं, दोन दिवस अंधारात काढले. वर्गात पोरांना ‘डोळे आलेत’ म्हणून सांगितलं, खरं सांगायची लाज वाटली.

त्यानंतर आपोआप काळं होणारं हेल्मेट घेतलं. एरवी काच फिकट असते, वेल्डिंगचा उजेड पेटला की डोळा मिटायच्या कितीतरी आधी काळी होते. दोन्ही हात मोकळे. मेस्त्रींनी ‘क्रिकेट खेळायला निघालासा काय’ म्हणून चेष्टा केली. हल्ली दुपारी ते हेल्मेट शेडमधल्या पोराच्या डोक्यावर असतं आणि बुधवारी मला मागून घ्यावं लागतं.

काही गोष्टी मी करत नाही. ग्राइंडर हातात घेत नाही. ती थरथर दोन मिनिटं घेतली की दोन दिवस बोटं मिटत नाहीत. कापणं आणि घासणं शेडमधलं पोरगं करतं, मी त्याच्या बहिणीच्या गणिताकडं बघते. फिटंफाट.

गेल्या पावसाळ्यात तर दोन महिने काहीच झालं नाही. रोग उसळला, गोळ्या वाढल्या, कंगवा धरवेना. जुलैत एकदा नुसती बसायला म्हणून शेडवर गेले. मेस्त्री पत्र्याच्या डब्यात रॉड ठेवत होते आणि डब्यात साठचा बल्ब पेटता होता. कोल्हापूरच्या पावसात रॉडवरचं लेपण ओल धरतं आणि मग जोडाला बारीक भोकं पडतात, म्हणून ही ऊब. ‘ह्यास्नीबी सकाळी गरम करायला लागतंय बाई, त्याशिवाय चालत न्हाईत,’ म्हणाले. मला गरम मेणात हात बुडवायला सांगितलेत हे त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक कुणीच नाही. ते फक्त रॉडबद्दल बोलत होते.

ऑक्टोबरात हात परत आले. पलंगाचा दुसरा पाय हलायला लागला होता. तो मी करायचं ठरवलं. गंज पोरानं घासून काढला, लोखंड उजळ दिसेपर्यंत. गुण्या लावून काटकोन बघितला, चार बाजूंनी टाके मारले, समोरासमोर, कारण एकाच बाजूनं मारत गेलं की गार होताना लोखंड त्या बाजूला ओढलं जातं. पाइप जुना आणि पातळ, मध्ये एकदा भोक पडलं. थांबून, गार करून, ठिपक्याठिपक्यानं बुजवलं. मेस्त्रींनी हातोडीनं ठोकून बघितलं, पायावर उभं राहून बघितलं. ‘निघत न्हाई आता,’ म्हणाले. रेघ कशी आलीय त्यावर काही बोलले नाहीत.

पाय निघत नाही हे खरं. पण सगळी काळजी घेऊनही तो तीन मिलिमीटर आखूड झालाय. सासूबाई कुशीवर वळल्या की पलंग टक्‌ करून वाजतो. त्याखाली मी नववीच्या घटक चाचणीची उत्तरपत्रिका चार घड्या करून ठेवलीय. सासूबाई म्हणतात, काढू नकोस, वाजलं की मला कळतं तू केलायस ते.